कॉव्हेंट्री ते राजापूर : किती मैल, किती तास?

(आगमन-शताब्दीनिमित्त कॉव्हेंट्री येथे आम्ही दोघी बहिणींनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हां दोघींना विषय दिला गेला तो 'प्रवास'. थोरलीने लगेच नकाशा काढला, धाकटीने जुनी तिकिटे शोधली, आणि आईने विचारले, "कुठला प्रवास? एकच का झालाय?" म्हणून आम्ही आधी हिशोब मांडायचे ठरवले. आपल्या घराण्याने आजवर कापलेली अंतरे, आणि त्या प्रत्येक अंतराला लागलेला वेळ. मैल वेगळे, तास वेगळे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध वाटतो तितका नाही, हे त्यातून कळले.

सोपे अंतर आधी. कॉव्हेंट्रीहून हीथ्रो सुमारे नव्वद मैल. पूल मेडोला कोचमध्ये बसायचे, एम४० धरायचा, रस्ता मोकळा असला तर पावणेदोन-दोन तास. आपल्या शहराला स्वतःचा विमानतळ आहे, बॅगिंटनला, पण तिथून प्रवासी विमाने आता सुटत नाहीत. गंमत अशी की ज्या माणसाने जगातली अंतरे लहान केली तो आपल्याच गावचा. फ्रँक व्हिटल, जन्म १९०७, अर्ल्सडन. त्याने जेट इंजिनाचे पेटंट १९३० मध्ये काढले आणि १९३७ मध्ये ते इंजिन पहिल्यांदा चालवले ते इथून जवळच, रग्बीला. ट्रान्स्पोर्ट म्युझियमपुढच्या कमानीखाली त्याचा पुतळा उभा आहे. आई त्याच्याजवळून जाताना कधी कधी नमस्कार करते. आम्ही हसतो. पुढे सांगतो ते ऐकल्यावर तुम्ही कदाचित हसणार नाही.

हीथ्रोहून मॉरिशस सुमारे ९,८०० किलोमीटर, बारा तास. हीथ्रोहून मुंबई ७,२०० किलोमीटर, नऊ तासांच्या आसपास. मुंबईहून मॉरिशस ४,७०० किलोमीटर, सहा तास आणि वर थोडे. हा त्रिकोण आहे आपला. आपल्यातल्या बहुतेकांनी त्याच्या दोन बाजू पाहिल्या आहेत. तिसरी बाजू, मुंबई ते पोर्ट लुई, आपल्या पूर्वजांनी एकदाच पाहिली, आणि तीही बोटीच्या तळातून.

त्या बाजूबद्दल जरा सविस्तर बोलू.

गिरमिटाची सुरुवात १८३४ ची. त्या वर्षी २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढे एकूण साडेचार लाखांवर माणसे त्या बंदरात उतरली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सर्वांत कमी आपली, मुंबईहून. आपले लोक मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग धरून. १८३९ मध्ये अत्याचाराच्या बातम्यांमुळे ही वाहतूक थांबवली गेली आणि १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली. भरती १९१० पर्यंत चालली, १९२० च्या दशकाच्या आरंभी एक छोटीशी शेवटची तुकडी आली, आणि कुंवर महाराजसिंग यांनी मॉरिशसला जाऊन पाहणी केल्यावर १९२५ च्या अहवालात हे आता पुरे असे सांगितले. आपण शंभर वर्षे मोजतो ती या शेवटच्या आगमनापासून. आपल्या बहुतेक घरांचे पूर्वज मात्र त्याच्या कितीतरी आधी उतरले. आमच्या आईचे खापरपणजोबा १८५० च्या दशकातले.

तर हा बावीस वर्षांचा माणूस राजापूरकडून निघाला. आज आपण निघाल्यावर विमानतळापर्यंतचा रस्ता मोजतच नाही, प्रवास विमानात सुरू होतो असे धरतो. त्याचा प्रवास मुंबईआधीच सुरू झाला होता. राजापूर खाडीच्या आत वसलेले बंदर. तिथून मचव्याने जैतापूरच्या मुखाशी आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने गलबतातून मुंबई, अशी तेव्हाची वाट. पायी जाणारेही होते. मोठ्या खाड्या होडीने ओलांडायच्या, मधल्या डोंगरातून चालायचे. वाऱ्याने साथ दिली तर गलबत काही दिवसांत पोचे, नाही दिली तर एखाद्या खाडीत नांगर टाकून बसून राही. पावसाळ्यात तर सगळेच बंद. मुंबईत भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का १८४१ चा. तो पाहिला की आम्हांला वाटते, हे दगड त्याने पाहिले असतील. आजचा फेरी वार्फ वेगळा आहे, हे आम्हांला तिथल्या एका बोटवाल्याने समजावले, तरी वाटायचे ते वाटतेच.

मग जहाज. शिडाचे जहाज मुंबईहून पोर्ट लुईला जायला साधारण महिना धरायचा, वारा फिरला तर जास्त. हिवाळ्यात ईशान्येचा वारा पाठीशी असतो, जहाज दक्षिणेला सरकते. पण तोच जानेवारी-मार्चचा काळ मॉरिशसकडे वादळांचा. म्हणजे वेळ वाचवायची तर वादळ पत्करायचे. पाण्याचे मोजमाप, खिचडीचे मोजमाप, आणि जहाजात आजार शिरला तर उतरण्याआधी बंदराबाहेर विलगीकरण. हे दिवस प्रवासात धरायचे की नाही? आम्ही धरले.

पोर्ट लुईला उतरल्यावर त्या सोळा पायऱ्या. आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. आई तिथे गेली की पायऱ्या चढत नाही, बाजूने जाते. का, ते तिने कधी सांगितले नाही.

आता एक गोष्ट जी आम्हांला या हिशोबात सर्वांत अवघड गेली. मॉरिशस बेट लांबीला सुमारे ६५ किलोमीटर, रुंदीला ४५. पोर्ट लुई ते वाक्वा वीस किलोमीटर. चांगला चालणारा माणूस एका दिवसात जाईल. पण आमच्या खापरपणजोबांना हे वीस किलोमीटर परवान्याशिवाय चालता येत नव्हते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो लावलेले तिकीट बाळगावे लागे आणि जिल्ह्याबाहेर जायचे तर पोलिसांचा पास लागे. नसला तर भटक्या म्हणून धरत. एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापत, आणि पगार होता महिना पाच रुपये. आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या सह्या घेऊन अर्ज केला तेव्हा लंडनहून चौकशी आयोग आला. तोवर ज्या माणसाने समुद्रातले हजारो किलोमीटर पार केले होते त्याला शेजारच्या मळ्यावरच्या भावाकडे जाता येत नव्हते. बेटावर रेल्वे १८६४ मध्येच सुरू झाली. ती उसासाठी, साखरेसाठी.

आणि परतीचे? पाच वर्षांच्या करारानंतर परतीचे भाडे मिळायचे, ही सवलत १८५० च्या दशकात काढून घेतली गेली. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश कसेबसे परतले. उरलेल्यांचे अंतर तेव्हापासून मैलांत मोजण्यासारखे राहिलेच नाही.

साखरेचे मात्र चालू होते. गुजरातीत साखरेला 'मोरस' म्हणतात, आणि कोकणातली जुनी माणसेही 'मोरस साखर' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. म्हणजे त्याच्या हातची साखर त्याच्या मुलखात पोचत होती आणि त्याची खबर पोचत नव्हती. आम्ही हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा थोरली दोन दिवस चहा बिनसाखरेचा पीत होती. तिसऱ्या दिवशी विसरली.

आता जवळचा काळ. आमचे थोरले काका १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आले ते बोटीने. पोर्ट लुई, रेयुनियाँ, मादागास्कर, मोंबासा, जिबुती, सुएझ आणि मार्सेल. तीन आठवड्यांच्या वर. मग रेल्वेने फ्रान्स ओलांडून, खाडी ओलांडून लंडन. त्यांनी वाटेत फ्रेंच खलाशांशी क्रिओलीत बोलून फुकट जेवण मिळवल्याची गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी ऐकली आहे, पुन्हा सांगत नाही.

आई १९७१ मध्ये आली, विमानाने. तेव्हा इथल्या रुग्णालयांना नर्सेस हव्या होत्या आणि मॉरिशसमधून मुली शेकड्यांनी येत होत्या. वीस वर्षांची आई, एक पेटी, नैरोबीला विमान बदलून. आजीने विचारले होते, "किती दिवस लागतात गं?" आई म्हणाली, "एकच." आजीला ते पटले नाही. तिच्या लेखी विलायत म्हणजे बोटीचा महिना. तरी तिने मनाशी धरले, की एका दिवसात पोरगी येऊ शकते.

१९८४ च्या जुलैत आजी गेली. वाक्वात संध्याकाळ होती, इथे दुपार. फोन शेजारच्या घरातून आला. थोरली नऊ वर्षांची होती, तिला आठवते की आईने फोन ठेवला आणि गणवेश तसाच अंगावर ठेवून खुर्चीवर बसून ती बोटांवर मोजत होती. कॉव्हेंट्रीहून हीथ्रो दोन तास, विमानाचे सोळा, उतरून गाडीने तास. एकोणीस. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे अजून वीस तास हाताशी. हिशोब जुळत होता.

पण त्या दिवशी विमान नव्हते. रोज नव्हतीच तेव्हा. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा नव्हती. आणि तिकिटाला जे पैसे लागत होते ते बाबांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढे. पैसे कोणी कोणी दिले ती नावे आईच्या वहीत आहेत. त्यांतले काही या सभागृहात बसले आहेत. आई चौथ्या दिवशी पोचली. विमान बारा तासांचे असो की सोळांचे, तिला लागले ते चार दिवस. व्हिटलचे इंजिन आपले काम चोख करत होते. मधे जे होते ते वेगळेच होते.

आई म्हणते, आजीला वाटले असेल की एकच दिवस तर लागतो, मग का नाही आली.

यावर आम्ही काही बोलत नाही. आता तिकिटे स्वस्त झाली, विमाने वाढली. तरी आपल्यातल्या किती जणांनी गेल्या काही वर्षांत, साथीच्या काळात, अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला, हात वर करायला सांगत नाही.

आता शेवटचा प्रवास, २०१९ च्या डिसेंबरचा. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासींच्या नोंदवह्या आहेत, हे तुम्हांला माहीत आहे. तिथे खापरपणजोबांचा क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा रत्नागिरी, पुढे राजापूर आणि पुढे गाव. गावाचे नाव कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिलेले, वाचले तर 'कोंडा' किंवा 'कोंड'. आम्ही आनंदाने नाचलोच. गाव सापडले!

हीथ्रो ते मुंबई, सांगितले तसे, नऊ तास. मुंबईहून पहाटे पाचला गाडी केली. राजापूर तिथून पावणेचारशे-चारशे किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर. रस्त्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे चाललेले, एक बाजू उखडलेली, दुसऱ्या बाजूने दोन्हीकडची वाहने. कशेडी घाटात एका ट्रकमागे तासभर. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा. राजापूरला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेचार. साडेअकरा तास! विमानाने ७,२०० किलोमीटर कापायला लागले त्याहून जास्त. चालक म्हणाला, "ताई, आज लवकर आलो. गणपतीत आला असतात तर?" आम्ही म्हटले, आमच्याकडेही गणपतीला सार्वजनिक सुट्टी असते. त्याला खोटे वाटले.

दुसऱ्या दिवशी गावात चौकशी सुरू केली आणि अर्ध्या तासात कळले. 'कोंड' हे गावाचे नाव नव्हेच. कोकणात कोंड म्हणजे वस्ती, गावातला एक भाग, जशी वाडी. प्रत्येक गावात कोंड असतात. कारकुनाने विचारले असेल, "कुठून आलास?" आणि तो बावीस वर्षांचा माणूस म्हणाला असेल, "कोंडावरून." त्याला त्याहून जास्त सांगायची कधी गरजच पडली नसेल. एवढे अंतर ओलांडून आम्ही आलो होतो आणि शेवटचे दोन-चार मैल कुठल्या दिशेला, ते कळत नव्हते.

मग लोकांनी विचारले, "आडनाव काय?" हेही तुम्हांला माहीत आहे. वहीत बापाचे नाव होते, तेच मॉरिशसमध्ये आडनाव झाले. आपल्यातले सखाराम, लक्ष्मण, बाबाजी ही सगळी कुणाच्या तरी बापाची नावे. राजापुरात ती सांगून काय उपयोग? हाक मारली तर दहा जण वळून पाहतील. मॉरिशसमध्ये आम्हांला 'बॉम्बे' म्हणत, म्हणजे ज्या बंदरातून निघालो त्याचे नाव चिकटले. जिथून बंदराकडे आलो त्याचे हरवले.

आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो आणि वैतागलो होतो. आई एका दुकानाच्या फळीवर बसून तिथल्या म्हातारबुवांशी बोलत होती. तिची मराठी आपली, मॉरिशसची, क्रिओल मिसळलेली, पण म्हातारबुवांना अडत नव्हते. त्यांनी विचारले, "देव कोणता तुमचा?" आई म्हणाली, कुलदैवत माहीत नाही. ते म्हणाले, "मग गाऱ्हाणं कसं घालता?" आणि आईने तिथेच, दुकानाच्या फळीवर, डोक्यावर पदर घेऊन आजीचे गाऱ्हाणे म्हणून दाखवले. आम्ही ते लहानपणापासून गणपतीपुढे ऐकत आलो आहोत. त्यातले अर्धे शब्द आम्हांला कळत नाहीत, आईलाही नाहीत. त्यात निनादेवीचे नाव येते. आणखी दोन नावे येतात जी आम्ही आजवर नुसते आवाज समजत होतो. म्हातारबुवांनी दुसऱ्यांदा म्हणायला सांगितले. मग दुकानातल्या मुलाला हाक मारून कागद आणवला. ते म्हणाले, निनादेवी पुष्कळ गावांत आहे, पण या तिघांची नावे या क्रमाने घेणारी गावे थोडी. त्यांनी तीन गावे लिहून दिली.

आम्ही तिन्ही गावांत गेलो. एका गावात देऊळ नवे बांधलेले, जुने पुजारी घराणे निघून गेलेले. दुसऱ्या गावात आम्हांला जेवायला बसवले आणि कोणीच काही सांगू शकले नाही. तिसऱ्या गावात एका बाईने सांगितले की तिच्या सासूच्या तोंडी अशी गोष्ट होती, या घरातला एक जण 'बोटीवर गेला तो गेला'. कोणत्या बोटीवर, कधी, ते नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेलेही बोटीनेच जात. कोकणातल्या कितीतरी घरांत अशी गोष्ट असेल.

आम्ही सांगतो की गाव सापडले, असे समजू नका. धाकटीचे म्हणणे आहे की तिसरेच गाव. थोरलीला पुरावा हवा. घरात यावरून दोनदा भांडण झाले आहे. आई म्हणते, तुम्ही ठरवा, मला तीनही चालतील.

पुरावा लागेल असे आता निमित्तही आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला आल्या तेव्हा त्यांनी जाहीर केले की भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळू शकेल. आमची मुले सहाव्या-सातव्या पिढीची. त्यासाठी आप्रवासीच्या नोंदीपासून आजवर प्रत्येक पिढीचे जन्म-लग्नाचे दाखले जोडत आणावे लागतात. एका दाखल्यात स्पेलिंग बदलले की साखळी तुटते, आणि आमच्या घरात एकाच नावाची चार स्पेलिंगे आहेत. तुमच्याही असतील. पण कार्डासाठी गावाचे नाव लागत नाही. गाव आम्हांला आमच्यासाठी हवे आहे.

पुन्हा जायचे ठरले आहे. या वेळी रस्ता नको, कोकण रेल्वे. ती १९९८ पासून पूर्ण धावते. राजापूर रोड स्टेशन गावापासून बरेच लांब आहे, तिथून पुन्हा रिक्षा, म्हणजे वेळ किती वाचेल ते पाहूच.

त्याआधी एक काम आहे आणि त्यासाठीच आज माईक हातात घेतला. कालच एका काकींनी त्यांच्या सासूचे गाऱ्हाणे म्हणून दाखवले, त्यातही निनादेवी आहे, आणि पुढचे एक नाव आमच्यासारखेच. म्हणजे आपल्यातली दोन घरे कदाचित एकाच कोंडावरची. ज्यांच्या घरात कोणाला गाऱ्हाणे, झाकडीतली नावे, किंवा देवाला घालायच्या हाका आठवत असतील, अर्धवट आठवत असल्या तरी, अर्थ कळत नसला तरी, त्यांनी चहाच्या वेळी खिडकीजवळच्या टेबलाशी या. आई वही घेऊन तिथे बसली आहे. तिला थोडे कमी ऐकू येते, जरा मोठ्याने म्हणा.